आयमनम : एका कादंबरीचे गाव

सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावणारी मीनचिल नदी सुमारे 78 किलोमीटरचा प्रवास करून वेंबनाड सरोवराला मिळते. एराट्टुपेट्टा, पाला, कोट्टयम ही गावे-शहरे मागे टाकून ती सखल प्रदेशात उतरली, की तिचा वेग मंदावतो, तिला असंख्य कालवे फुटतात, आणि जमीन कोठे संपली व पाणी कोठे सुरू झाले हे सांगणे अवघड होऊन बसते. या सखल प्रदेशाच्या उंबरठ्यावर, कोट्टयम शहरापासून पाच-सहा किलोमीटर पश्चिमेला, आयमनम नावाचे गाव आहे. वनवासात पाच पांडव येथे येऊन राहिले, म्हणून 'पाचांचे वन' या अर्थाच्या मल्याळम शब्दांवरून हे नाव पडले, असे तेथील लोक सांगतात. भातखाचरे, नारळीची झाडे, कालव्यांवरचे अरुंद पूल, एखादे देऊळ, एखादे चर्च आणि कौलारू घरे. केरळात अशी गावे शेकड्यांनी आहेत. या एका गावाचे नाव मात्र जगातील अनेक भाषांतील वाचकांना ठाऊक आहे, आणि त्याला कारण आहे एक कादंबरी.

अरुंधती रॉय यांची 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज' ही पहिली कादंबरी 1997 साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी तिला बुकर पारितोषिक मिळाले. मराठी वाचकांना ती अपर्णा वेलणकर यांच्या अनुवादातून परिचित आहे. एक कुटुंब, त्या कुटुंबातील जुळी भावंडे, त्यांचे बालपण, आणि त्यांच्या आईचे समाजाने निषिद्ध ठरविलेले प्रेम असा या कादंबरीचा विषय. लेखिकेचे आजोळ आयमनमचे, आणि तिच्या बालपणाचा मोठा भाग याच परिसरात गेला. त्यामुळे कादंबरीतील नदी, घर, लोणच्यांचा कारखाना, पावसाळा, हे सारे येथील मातीतून उगवलेले आहे. गेल्या वर्षी पावसाळा ओसरताना माझी थोरली बहीण आणि मी या भागात पाच दिवस राहिलो. अक्काने कादंबरी दोनदा वाचलेली होती. मी प्रवासाला निघण्यापूर्वी पुन्हा एकदा वाचून काढली.

अक्षरांचे शहर

महाराष्ट्रातून कोकण रेल्वेने एर्नाकुलमला यावे आणि तेथून दुसऱ्या गाडीने तास-दीड तासात कोट्टयमला पोहोचावे, हा सोयीचा मार्ग. वाटेत रबराच्या बागा लागतात. खोडावर तिरकी चीर पाडलेली, चिरेखाली चीक गोळा करणारी वाटी बांधलेली, अशी एकसारखी झाडे ओळीने उभी असतात. देशाच्या रबर मंडळाचे मुख्यालय कोट्टयमलाच आहे.

या शहराला मल्याळी माणूस 'अक्षरनगरी' म्हणतो, आणि ते नाव अतिशयोक्त नाही. 1817 साली येथे सीएमएस महाविद्यालय सुरू झाले. 1821 साली बेंजामिन बेली या मिशनऱ्याने छापखाना घातला. 'मलयाळ मनोरमा' हे वृत्तपत्र याच शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जन्मले. 1945 साली लेखकांनी स्वतःची सहकारी प्रकाशन संस्था काढली, तीही येथेच. साखर कारखान्यांचा आणि सूतगिरण्यांचा सहकार आपल्या परिचयाचा; लेखकांनी आपल्या पुस्तकांसाठी उभारलेला सहकार पाहून आम्हांला फार कौतुक वाटले. 1989 साली कोट्टयम हे देशातील पहिले पूर्ण साक्षर शहर म्हणून जाहीर झाले.

शहरातील 'वलिय पळ्ळी', म्हणजे मोठे चर्च, 1550 सालचे. तेथे दगडात कोरलेले प्राचीन क्रूस आहेत आणि त्यांच्यावर पहलवी लिपीतील लेख आहेत. केरळातील सिरियन ख्रिस्ती समाज आपली परंपरा थेट सेंट थॉमसपर्यंत नेतो. इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीपासून हे लोक येथे व्यापार-शेती करीत आले आहेत. त्यांच्या चालीरीती, घरांची बांधणी, लग्नात वधूच्या गळ्यात घालावयाचे मंगळसूत्रासारखे 'मिन्नु', हे सारे याच मातीतले. चांगले आणि वाईट दोन्ही त्यांनी शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतले. जातीची उतरंडही त्यातच आली. कादंबरीतले कुटुंब याच समाजातले, सुशिक्षित, प्रतिष्ठित, जमीनजुमला असलेले.

सात वर्षांच्या मुलांची दृष्टी

कादंबरीची मुख्य घटना 1969 सालच्या डिसेंबरातील काही दिवसांत घडते. एस्था आणि राहेल ही सात वर्षांची जुळी भावंडे. त्यांची आई अम्मू हिने घरच्यांना न विचारता एका बंगाली माणसाशी लग्न केले होते. नवरा दारुडा निघाल्यावर ती दोन मुलांना घेऊन आयमनमला माहेरी परत आली. घरात तिची जवळजवळ अंध झालेली आई, अविवाहित आत्या आणि ऑक्सफर्डला शिकून आलेला भाऊ. घराजवळ लोणची-मुरंब्यांचा कारखाना. भावाची इंग्लंडात वाढलेली मुलगी नाताळच्या सुटीत येते आणि नदीत बुडून मरण पावते. त्याच दिवसांत वेलुता नावाच्या सुताराशी अम्मूचे असलेले नाते उघडकीस येते. वेलुता हा परवन जातीचा, त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. पुढे त्याचे काय होते हे कादंबरी आरंभापासूनच सूचित करीत जाते. 'काय झाले' यापेक्षा 'कसे झाले आणि कोणी कोणी होऊ दिले' या प्रश्नाकडे तिचे लक्ष आहे.

सारे काही मुलांच्या उंचीवरून दिसते. मोठ्यांनी हळू आवाजात बोललेले शब्द, जेवणाच्या टेबलाखालून दिसणारे पाय, आई रागाच्या भरात जे बोलली त्याचा मुलांनी लावलेला अर्थ. आपल्या घरांतही हे होत असते. कोणाला वाड्याच्या पुढच्या दारातून आत घेतात आणि कोणाला मागच्या, कोणाला कपबशीतून चहा मिळतो आणि कोणाचा पेला वेगळा ठेवलेला असतो, हे लहान मुलाला कोणी शिकवीत नाही. ते पाहते आणि शिकते. या कादंबरीचे सामर्थ्य मला त्यात वाटते. निषिद्ध प्रेमाच्या कथा साहित्यात पुष्कळ आहेत. परंतु निषेधाचा नियम घराघरांत कसा मुरतो आणि मुलांच्या वाट्याला त्यातून काय येते, हे इतक्या बारकाईने क्वचितच लिहिले गेले आहे.

आयमनममध्ये फिरताना जाणवले ते हे, की हा नियम लेखिकेच्या कल्पनेतला नव्हे. तो येथे खरोखर लिहिलेला होता. काही कायद्याच्या पुस्तकात, काही रस्त्याच्या कडेला लावलेल्या पाटीवर.

घर कोणाचे?

कादंबरीतली अम्मू कारखान्यात भावाइतकेच काम करते. पण कारखाना भावाचा, घर भावाचे. मुलगी म्हणून तिला तेथे कोणताही हक्क नाही, आणि तिचा भाऊ हे हसत हसत बोलून दाखवितो. वाचकाला हा एका पात्राचा उर्मटपणा वाटेल. वस्तुतः तो त्या काळचा कायदा होता.

कोट्टयम पूर्वी त्रावणकोर संस्थानात होते. संस्थानाच्या 1916 च्या ख्रिस्ती वारसा कायद्यानुसार वडील मृत्युपत्र न करता वारले, तर मुलीला मुलाच्या हिश्शाच्या एक चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. विधवेला केवळ हयातीपुरता हक्क, आणि तोही पुनर्विवाह केल्यास संपुष्टात येणारा. विशेष असे, की त्याच गावात शेजारच्या नायर कुटुंबांत मातृवंशीय पद्धत होती; तेथे घराणे आईच्या नावाने चाले आणि मालमत्ता मुलींच्या वंशात उतरे. एका कुंपणाच्या अलीकडे घर मुलीचे, पलीकडे मुलगी पाहुणी! दोन्ही घरांतील मुली एकाच शाळेत जात, एकाच नदीत पोहत.

या कायद्याला आव्हान दिले ते लेखिकेच्या आईने. मेरी रॉय यांनी आपले लग्न मोडल्यानंतर दोन मुलांसह माहेरचा आश्रय घेतला होता. वडिलांच्या उटी येथील घरात त्या राहत असताना, मुलगी म्हणून त्या घरावर तुझा हक्क नाही, असे त्यांना सांगण्यात आले. पुढे त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. वाद सख्ख्या भावाशी होता. 24 फेब्रुवारी 1986 रोजी निकाल लागला: त्रावणकोरचा कायदा 1 एप्रिल 1951 पासूनच रद्द झालेला असून ख्रिस्ती मुलींना 1925 च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मुलांच्या बरोबरीने हिस्सा मिळाला पाहिजे. एका बाईच्या दाव्याने हजारो घरांतील वाटण्यांचा हिशेब बदलला. तिच्या स्वतःच्या हाती मात्र हिस्सा पडण्यास त्यानंतरही अनेक वर्षे लागली.

निकालाचे स्वागत सर्वत्र झाले असे नाही. काही चर्चांनी कडाडून विरोध केला. अनेक वडिलांनी घाईने मृत्युपत्रे करून मालमत्ता मुलांच्या नावे केली. मुलीला हुंडा दिला, म्हणजे तिचा हिस्सा चुकता झाला, हा युक्तिवाद तेथेही होताच.

कोट्टयमच्या कळत्तिलपडी भागात मेरी रॉय यांनी उभी केलेली 'पळ्ळिकूडम' ही शाळा आहे. पळ्ळिकूडम म्हणजे मल्याळममध्ये शाळाच. 1967 साली रोटरी क्लबच्या सभागृहात मोजक्या मुलांनिशी तिचा आरंभ झाला. तिच्या इमारतींची रचना लॉरी बेकर या विख्यात वास्तुरचनाकाराने केली. मूळचे इंग्रज असलेल्या बेकरांनी गिलावा न केलेल्या विटांची, वारा खेळता ठेवणारी, कमी खर्चाची घरे केरळभर बांधली. 1 सप्टेंबर 2022 रोजी मेरी रॉय यांचे निधन झाले. आई-मुलीचे नाते सरळ नव्हते. अरुंधती रॉय यांनी 2025 साली प्रसिद्ध झालेल्या 'मदर मेरी कम्स टू मी' या आठवणींच्या पुस्तकात ते मोकळेपणाने मांडले आहे. कादंबरीतील अम्मू हक्कावाचून मरण पावते. तिच्या मागे जी खरी स्त्री उभी होती, तिने मात्र न्यायालयाचे दार ठोठावले आणि ते उघडेपर्यंत हटली नाही.

रस्ता कोणाचा?

कोट्टयमहून तीस-पस्तीस किलोमीटरवर वैकोम आहे. तेथील महादेवाचे मंदिर प्राचीन आणि देखणे आहे. त्याच्या चारी बाजूंचे रस्ते आज कोणाच्याही पायांखालून जातात. शंभर वर्षांपूर्वी तसे नव्हते. त्या रस्त्यांवर अवर्णांनी पाऊल टाकू नये, अशा पाट्या होत्या. प्रश्न मंदिरप्रवेशाचाही नव्हता, फक्त रस्त्यावरून चालण्याचा होता. गाय, कुत्रा, परधर्मीय प्रवासी, सर्वांना मोकळा असलेला रस्ता एझवा आणि पुलय माणसाला बंद.

30 मार्च 1924 रोजी तेथे सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या दिवशी एक पुलय, एक एझवा आणि एक नायर असे तिघे तरुण हातात हात घालून पाटीच्या दिशेने निघाले आणि पकडले गेले. पेरियार ई. व्ही. रामस्वामी आले, त्यांनी तुरुंगवास भोगला. 1925 च्या मार्चमध्ये महात्मा गांधी आले आणि मंदिराच्या कारभाऱ्यांपैकी प्रमुख नंबूतिरींच्या वाड्यावर चर्चेसाठी गेले. गांधीजी वैश्य, म्हणून त्यांना घरात घेतले गेले नाही. चर्चा बाहेरच्या मंडपात झाली. तो वाडा आजही उभा आहे. ताडीचे झाड चढणाऱ्या कामगारांच्या, म्हणजे बहुतांशी एझवा समाजाच्या, संघटनेने तो पुढे विकत घेतला आणि तेथे आपले कार्यालय थाटले. आम्ही त्याच्या अंगणात काही वेळ उभ्या होतो. कोणी आम्हांला जात विचारली नाही. आत वर्गणीच्या पावत्या फाडण्याचे काम चालले होते.

नोव्हेंबर 1925 मध्ये सत्याग्रह संपला तेव्हा तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, एक राहिलाच. मंदिरांची दारे उघडण्यास 12 नोव्हेंबर 1936 ची त्रावणकोर महाराजांची घोषणा यावी लागली. आपल्याकडे महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च 1927 चा. रस्ता आणि पाणी! माणसाला माणसापासून तोडण्यासाठी समाजाने किती साध्या गोष्टी हाती धरल्या होत्या.

या पार्श्वभूमीवर वेलुता समजतो. मल्याळममध्ये वेलुता म्हणजे पांढरा. रंगाने अतिशय सावळा म्हणून त्याला हे नाव. तो कुशल कारागीर आहे, कारखान्यातील यंत्रे तोच दुरुस्त करतो. त्याच्या हातांची घराला गरज आहे, पण त्याच्या स्पर्शाची घराला भीती आहे. घरातील वृद्धेला आठवते, की तिच्या लहानपणी परवन माणसाला स्वतःच्या पाऊलखुणा झाडीत मागे मागे जावे लागे. त्याच्या पूर्वजांनी धर्म बदलला, तरी नव्या धर्मात त्यांची चर्चे निराळीच राहिली. कामगारांचे नाव घेणारा पक्षही आणीबाणीच्या क्षणी त्याच्या पाठीशी उभा राहत नाही. या भागामुळे कादंबरीवर केरळातील डाव्या मंडळींनी टीका केली, आणि दुसरीकडे एका वकिलाने तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला. तो अनेक वर्षे चालला.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. याच कोट्टयम जिल्ह्यात उळवूर नावाचे गाव आहे. तेथील परवन जातीच्या एका गरीब घरातील मुलगा शेतांच्या बांधांवरून रोज सुमारे पंधरा किलोमीटर चालत शाळेला जात असे. तो त्रावणकोर विद्यापीठात पहिला आला, मुंबईत काही काळ पत्रकार होता, टाटांच्या साहाय्याने लंडनला शिकला आणि परराष्ट्र सेवेत गेला. ब्रह्मदेशातील एका तरुणीशी त्याला विवाह करावयाचा होता. परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्यास परदेशी व्यक्तीशी विवाह करण्यास मनाई असल्यामुळे पंतप्रधान नेहरूंची खास परवानगी घ्यावी लागली, आणि ती मिळाली. 25 जुलै 1997 रोजी तो माणूस भारताचा राष्ट्रपती झाला. त्यांचे नाव के. आर. नारायणन. त्याच वर्षी वेलुताची कथा जगापुढे आली. एकाच जिल्ह्यातील, एकाच जातीतील दोन माणसे, एक कादंबरीतला आणि एक राष्ट्रपती भवनातला. एकाचे प्रेम त्याच्या प्राणांवर बेतले, दुसऱ्याच्या प्रेमाला देशाच्या पंतप्रधानाने संमती दिली. मधल्या काळात जे बदलले ते थोडे नाही. परंतु ते आपोआप बदललेले नाही.

नदी आणि सरोवर

आयमनमच्या कालव्यांतून लहान होडीने फिरण्याची सोय आता गावकऱ्यांनीच केली आहे. घरगुती निवास, नारळाच्या झावळ्या विणणे, काथ्याची दोरी वळणे, भातशेती दाखविणे असा गावाचा पर्यटनाचा मार्ग आहे, आणि 'काँडे नास्ट ट्रॅव्हलर' या मासिकाने 2022 सालच्या भेट देण्याजोग्या तीस स्थळांत त्याचा समावेश केला होता. जवळच मलरिक्कल येथे पावसाळ्याच्या अखेरीस भातखाचरे पाण्याखाली असताना त्यांत गुलाबी कमळिणींचा जणू गालिचा अंथरला जातो. सकाळी लवकर गेले तरच फुले उमललेली दिसतात. ऊन चढले की मिटतात.

कादंबरीतील जुळी भावंडे ज्या नदीत वाढतात, ती मोठेपणी राहेलला आक्रसलेली, घाण झालेली दिसते. हेही कल्पित नाही. समुद्राचे खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून वेंबनाड सरोवरावर तण्णीरमुक्कम येथे बंधारा बांधला गेला. 1976 पासून तो वापरात आहे. उन्हाळ्याच्या महिन्यांत त्याची दारे बंद असतात. समुद्रसपाटीखालच्या कुट्टनाडच्या शेतीला त्याने आधार दिला. पण भरती-ओहोटीने धुऊन निघणारे पाणी साचू लागले, जलपर्णी माजली, खाऱ्या-गोड्या पाण्यात ये-जा करणाऱ्या मासळीवर ज्यांचे पोट होते त्यांची उपासमार झाली. एकाच्या शेताचे रक्षण करणारी भिंत दुसऱ्याच्या जगण्याच्या आड आली.

पुढे कुमरकोमला सरोवराच्या काठी एक जुना बंगला आहे. बेकर नावाच्या मिशनरी घराण्यातील एका गृहस्थाने तो एकोणिसाव्या शतकात बांधला. आज तेथे पंचतारांकित हॉटेल आहे आणि त्याच घराण्याच्या बागेच्या जागेवर पक्षी अभयारण्य. कादंबरीत नदीपलीकडे 'करी सायिप्पु'चे, म्हणजे काळ्या साहेबाचे, ओसाड घर येते. कथेचा शेवट जेथे घडतो त्या घराची कल्पना या बंगल्यावरून सुचली असावी, असे मानले जाते. कादंबरीतही ते घर पुढे हॉटेल होते आणि पाहुण्यांसाठी रात्र रात्र चालणारे कथकली थोडक्यात उरकले जाते. हॉटेलात असे थोडके कथकली करून परतणारे नट गावच्या देवळात थांबतात आणि देवाची क्षमा मागून रात्रभर पूर्ण प्रयोग करतात, हा प्रसंग मला फार जवळचा वाटतो. प्रवाशानेही हे ध्यानी ठेवावे. आपल्याला दाखविले जाते ते आवरते घेतलेले रूप असते. पूर्ण रूप पाहावयाचे तर थांबावे लागते.

आपल्या अंगणात

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी निवासाच्या ओसरीवर पाऊस पाहत बसलो असताना अक्का एकाएकी म्हणाली, "त्या अम्मूला कायद्यानंच काही नव्हतं. आपल्याला होतं, आणि आपण सही करून दिलं."

"तुला वाईट वाटतंय का गं?" मी विचारले.

"जमिनीचं नाही वाटत. दादानं आईचं शेवटपर्यंत केलं. पण तहसीलला गेलो तेव्हा कागद कशाचा आहे, हे कुणी वाचूनही दाखवलं नाही. इथं अंगठ्याऐवजी सही कर, एवढंच सांगितलं. मी बी. ए. झालेली होते."

कागद होता हक्कसोडपत्राचा. आपल्या सांगली-कोल्हापूरकडील किती घरांत हा कागद होतो, हे वाचकांना सांगावयास नको. हिंदू वारसा कायदा 1956 चा. तो जैन, बौद्ध आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीला तेव्हापासून मुलाइतका वारसा मिळाला. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्मतः हक्क मात्र मुलांचाच राहिला. महाराष्ट्राने 1994 साली कायद्यात बदल करून मुलीला तो हक्क दिला, पण 22 जून 1994 पूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर मुलगी, विवाहित असो वा अविवाहित, मुलाप्रमाणेच सहदायाद झाली. आणि त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले.

कायद्याने दिलेले आपण साडीचोळी घेऊन परत करतो. कोणी प्रेमाने करते, कोणी माहेर तुटेल या भीतीने. हक्क सोडणे हा गुन्हा नाही. भावाच्या अडचणी जाणून समजून-उमजून सोडलेला हक्क हे दानच आहे. परंतु जे आपले आहे हे ठाऊकच नाही, ते दान कसे करणार? बहिणीला कागद वाचून दाखवावा, त्यात किती जमीन आहे, तिचा हिस्सा किती आहे, हे सांगावे, आणि ती 'नाही' म्हणाली तरी राखीपौर्णिमेला तिचे ताट मांडावे. एवढे तरी घराघरांत व्हावे.

आणि निषिद्ध प्रेमाचे म्हणाल, तर आपल्या वृत्तपत्रांतही परजातीतील विवाहामुळे बाप आणि भाऊ यांनी मुलीचा जीव घेतल्याच्या बातम्या येतात. एकीकडे मुलीचा जमिनीवरचा हक्क आणि दुसरीकडे तिचा जोडीदार निवडण्याचा हक्क, या गोष्टी वेगळ्या नाहीत, असे आयमनमच्या वाऱ्यात वारंवार वाटत राहिले. जिचे घर नाही, तिला घर सोडण्याचे वा घरात राहण्याचे स्वातंत्र्य नसते. अम्मूला स्वतःच्या नावाची एक खोली असती, तर तिची मुले एकमेकांपासून तोडली गेली नसती.

जाणाऱ्यांसाठी

ऑगस्टअखेर ते फेब्रुवारी हा काळ या प्रवासाला चांगला. कोट्टयमला मुक्काम करून आयमनम, कुमरकोम, वैकोम आणि पळ्ळिकूडमचा परिसर चार दिवसांत निवांत पाहून होतो. शाकाहारी भोजनालये शहरात सहज मिळतात. खेड्यातील घरगुती निवासात आदल्या दिवशी सांगून ठेवावे, मग केळीच्या पानावर अवियल, तोरन, सांबार आणि पापड असे साधे, चवदार जेवण मिळते. कादंबरीतील घर म्हणून लोक एक जुने घर दाखवितात. ते खासगी आहे. फाटकातून डोकावू नये, छायाचित्रे काढू नयेत. उळवूरला मात्र आवर्जून जावे आणि शाळेच्या वाटेने थोडे तरी पायी चालावे.

कादंबरी वाचून जाणे उत्तम. आणि ती घरातील मुलींबरोबर, तसेच मुलांबरोबर वाचणे अधिक उत्तम. त्यातील काही भाग कठोर आहे, म्हणून कळत्या वयाच्या मुलांनाच द्यावी. वाचून झाल्यावर त्यांना दोनच प्रश्न विचारावेत: या घरात कोणाचे किती आहे, आणि ते कोणी ठरविले? उत्तरे ऐकताना आपण मोठ्यांनी मध्ये बोलू नये.